एडिटिंगचा पीसी: पैसा कुठे घालायचा?

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर पीसी जुळवायला गेलात की गप्पा थेट ग्राफिक्स कार्डावर येतात. आधी आपल्या कॅमेऱ्याची फाइल बघा. नवे मिररलेस कॅमेरे १०-बिट ४:२:२ एच.२६५ मध्येही शूट करतात आणि टाइमलाइन अडखळते ती बहुधा या फाइलपायी. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या अंगभूत ग्राफिक्सला ती सहज उलगडता येते. एनव्हिडियाच्या कार्डांत ही सोय ५० मालिकेपासूनच आली. म्हणून इंटेलचा ‘एफ’ अक्षराचा प्रोसेसर थोडा स्वस्त दिसला तरी घेऊ नका, त्यात अंगभूत ग्राफिक्सच नसतं.

रॅम ३२ जीबी. चालू काम एनव्हीएमई एसएसडीवर, एडिट होऊन गेलेली लग्नांची शूटिंगं साध्या हार्ड डिस्कवर, तीही दोन प्रतींत. १०० मेगाबिटच्या शूटिंगला तासाला ४५ जीबी लागतात. दोन कॅमेरे चार तास चालले की ३६० जीबी संपले.

भिवंडीत यंत्रमागांच्या वस्तीत काम करत असाल, तर मात्र खरी गाठ कापसाच्या धुळीशी. मागाशेजारच्या गाळ्यात ही धूळ हीटसिंकच्या पात्यांत नमद्यासारखी बसते, प्रोसेसर तापतो, वेग आपोआप उतरतो आणि गिऱ्हाईक दोष देतं सॉफ्टवेअरला. काढता-धुता येणारी जाळी असलेलाच कॅबिनेट घ्या, तो जमिनीवर ठेवू नका. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा. रंगीत दिव्यांचे पैसे वाचवून चांगला यूपीएस घ्या: एक्सपोर्ट ९० टक्क्यांवर असताना वीज गेली, तर बहुतेक वेळा पुन्हा शून्यापासून सुरुवात.