इफ्तारनंतरचा धूर आणि डोळ्याची बाहुली

आरशासमोर उभे राहून डोळ्यावर टॉर्चचा उजेड टाकला, तर बुबुळाच्या मधोमध असलेले काळे वर्तुळ लगेच आक्रसते. मराठीत त्याला बाहुली म्हणतात, उर्दूत पुतली. दोन्ही भाषांत अर्थ एकच. समोरच्याच्या डोळ्यात डोकावले की आपलीच इवलीशी प्रतिमा तिथे दिसते ना!

ही बाहुली माणसाच्या हुकमात नाही. लख्ख उजेडात ती दोन मिलिमीटरपर्यंत लहान होते, अंधारात तरुण माणसाची आठ मिलिमीटरपर्यंत फुलते. उजेड एका डोळ्यावर पडला तरी दोन्ही बाहुल्या सोबतच आक्रसतात. बेशुद्ध रुग्णाच्या डोळ्यात डॉक्टर टॉर्च मारून पाहतात ते यासाठीच. बाहुलीच्या हालचालीवरून मेंदूची खबर कळते.

हे काम दोन स्नायू करतात. एक गोल स्नायू बाहुलीला पिशवीच्या नाडीसारखा आवळतो. दुसरा छत्रीच्या काड्यांसारखा पसरलेला असतो, तो तिला ताणून मोठी करतो. दोघांना मेंदूचा निरोप वेगवेगळ्या वाटांनी येतो आणि प्रत्येक वाटेवर मज्जातंतूंची एक गाठ असते. तिथे एक तंतू दुसऱ्याच्या हाती निरोप देतो, तो अ‍ॅसिटिलकोलिन नावाच्या रसायनामार्फत. तंबाखूतले निकोटिन या रसायनाची नक्कल करते आणि नेमके त्याच्या जागी जाऊन बसते.

हे प्रथम उलगडले तेही बाहुलीमुळेच. 1889 मध्ये केंब्रिजच्या लँगली आणि डिकिन्सन या संशोधकांनी प्राण्यांच्या मानेतल्या अशा गाठीवर निकोटिन लावले. मग गाठीच्या अलीकडचा तंतू विजेने चेतवला, पण बाहुली मोठी झाली नाही. गाठीच्या पलीकडचा चेतवला, तेव्हा मात्र ती फुलली. म्हणजे तंतू शाबूत होते, स्नायूही शाबूत होता. निरोप अडला होता तो फक्त गाठीत.

सिगारेट ओढणाऱ्याच्या अंगात निकोटिन इतक्या प्रमाणात जात नाही, पण ते जाऊन बसते त्याच जागी. थोडे असले तर ते या गाठींना चेतवते, फार झाले तर अडवते. बाहुली आवळणारी आणि फुलवणारी, दोन्ही वाटा त्याच्या तावडीत सापडतात. त्यामुळे परिणाम प्रत्येकात सारखा दिसत नाही. नुसते डोळे पाहून ‘हा सिगारेट ओढतो’ असे सांगता येत नाही. फरक इतका बारीक असतो की तो मोजायला कॅमेऱ्याचे यंत्र लागते.

रमजानशी याचा संबंध येतो तो संध्याकाळी. रोजात अन्नपाण्याबरोबर धूरही वर्ज्य असतो. सहरीपासून मगरिबपर्यंत आपल्याकडे तेरा-चौदा तास जातात. रक्तातले निकोटिन दर दोनेक तासांनी निम्मे होत जाते, म्हणजे इफ्तारच्या वेळी ते जवळपास संपलेले असते. शरीराची सवयही सैल पडलेली असते. म्हणूनच खजूर-पाण्यानंतर लगेच पेटवलेली पहिली सिगारेट जोरात चढते. डोके गरगरते, छाती धडधडते.

नेमक्या त्याच वेळी उजेड मावळत असतो. डोळ्यांना अंधाराची पूर्ण सवय व्हायला वीस ते तीस मिनिटे लागतात, आणि अंधारात दृष्टिपटलाला प्राणवायू जास्त लागतो. इकडे धुरातला कार्बन मोनॉक्साइड वायू हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो आणि प्राणवायूची जागा बळकावतो. मशिदीबाहेरच्या टपरीवर झुरके मारून लगेच मोटारसायकलला किक मारणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. समोरून हेडलाइट अंगावर येतो तेव्हा डोळ्यांनी पूर्ण साथ द्यायला हवी असते. पुढे वय झाल्यावर मोतीबिंदू आणि दृष्टिपटलाच्या मध्यभागाची झीज हे विकार धूम्रपान करणाऱ्यांना अधिक गाठतात, हेही सिद्ध झालेले आहे.

बिडी, हुक्का, तंबाखू, गुटखा या सगळ्यांत निकोटिन तेच. गुटख्यात धूर नाही, म्हणून डोळ्यांच्या नसा वाचतात असे समजू नये.

‘सोडवतच नाही’ म्हणणारा माणूस रमजानमध्ये रोज तेरा तास तलब मागे सारतो, तेही महिनाभर. श्रावण पाळणाऱ्या किंवा नवरात्रात तंबाखू बंद ठेवणाऱ्या शेजाऱ्यालाही हा अनुभव असतो. पूर्ण सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण जातात, नंतर तलब हळूहळू ओसरते. इफ्तारनंतरची पहिली सिगारेट तरावीहपर्यंत पुढे ढकलणे, मग ती वगळणे, अशीही सुरुवात करता येईल. एकट्याने जमत नसेल तर सिगारेटच्या पाकिटावरच छापलेला 1800-11-2356 हा सरकारी मदत क्रमांक फिरवावा. तो मोफत आहे. ईदचा चांद शोधायला गच्चीवर जाईपर्यंत निदान काही जणांचे पाकीट तरी घरी पडून राहावे.