कलाशाखेतून प्रसूतिगृहाकडे

बी. ए.च्या शेवटच्या वर्षातील मुलीने पुढे काय करावे याची उत्तरे आपल्याकडे बहुधा तयार असतात. बी. एड., स्पर्धा परीक्षा, बँकेची परीक्षा, आणि यांपैकी काहीच जमले नाही तर ‘स्थळे पाहू’. मला बाळंतपणे करणारी परिचारिका व्हायचे आहे असे मी सांगू लागल्यापासून मात्र दोनच प्रश्न कानी पडतात. एक, ‘अगं, पण तू तर आर्ट्सची!’ आणि दुसरा, ‘दवाखान्यात कधी काम केलं आहेस का?’ पहिल्याचे उत्तर नियमांत सापडते. दुसऱ्याचे जरा अवघड आहे. गेले वर्षभर दोन्हींचा शोध घेताना जे हाती लागले ते येथे मांडते. आपल्या महाविद्यालयात माझ्यासारख्या आणखी चार-दोन जणी असतीलच.

नर्सिंग म्हणजे सायन्स, हा समज अर्धाच खरा आहे. चार वर्षांच्या बी. एस्सी. नर्सिंगला बारावीत भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र हवेतच. ते दार आपल्याला बंद. पण ‘जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी’, म्हणजे ज्याला सगळे जी. एन. एम. म्हणतात, तो तीन वर्षांचा अभ्यासक्रम कोणत्याही शाखेच्या बारावीनंतर करता येतो. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना पसंती असते, सक्ती नसते. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमांप्रमाणे बारावीला एकूण ४० टक्के आणि इंग्रजीतही ४० टक्के गुण लागतात, आणि वय १७ ते ३५च्या दरम्यान असावे लागते. बी. ए. पुरे करून गेले तरी उशीर होत नाही, तो यामुळेच. दोन वर्षांचा ए. एन. एम. हाही कलाशाखेला खुला आहे. उपकेंद्रात लसी टोचणारी ‘नर्सबाई’ बहुधा त्याच वाटेने आलेली असते. २०२३ साली संसदेने परिचर्या व प्रसूतिविद्येसाठी राष्ट्रीय आयोगाचा नवा कायदा केला आहे. तेव्हा नियम बदलतील हे धरून चालावे आणि अर्जापूर्वी त्या वर्षीची अधिकृत माहितीपुस्तिका स्वतः वाचावी. मैत्रिणीच्या बहिणीने सांगितलेले नियम बहुधा मागल्या सालचे असतात.

एक कटू गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. आपल्या बी. ए.च्या पदवीला या हिशेबात काही किंमत नाही. इंग्लंडमध्ये परिचारिका न होताही थेट प्रसूतिविद्येची तीन वर्षांची पदवी घेता येते. अमेरिकेत काही विद्यापीठे दुसऱ्याच विषयाच्या पदवीधरांना घेतात, आधी परिचर्या शिकवतात आणि मग प्रसूतिविद्येच्या पदव्युत्तर वर्गाला नेतात. तिथेही रुग्णसेवेचा अनुभव नसलेल्या उमेदवारांची धडधड अशीच होत असणार. आपल्याकडे असा आडमार्ग नाही. आपण बारावीच्या गुणपत्रिकेवरच रांगेत उभे राहायचे.

आता अनुभवाचा प्रश्न. जी. एन. एम.च्या प्रवेशाला अनुभव मागतच नाहीत. तो मागतात वरच्या पायऱ्यांवर. जी. एन. एम.नंतर दोन वर्षांचे पोस्ट बेसिक बी. एस्सी. करता येते, आणि पुढे स्त्रीरोग व प्रसूती परिचर्येत एम. एस्सी. करायचे तर किमान एक वर्ष प्रत्यक्ष काम केलेले असावे लागते. दुसरी वाट नवी आहे. केंद्र सरकारने २०१८च्या डिसेंबरात प्रसूतिसेवेची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि नोंदणीकृत परिचारिकांसाठी ‘नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवायफरी’ हा अठरा महिन्यांचा अभ्यासक्रम आखला. तेलंगणात असा प्रयोग २०१७ मध्येच सुरू झाला होता. गर्भारपण सुरळीत असेल तर अशा परिचारिकेने बाळंतपण स्वतःच्या जबाबदारीवर करावे, अडचण दिसताच डॉक्टरांना बोलवावे, अशी ही कल्पना आहे. या अभ्यासक्रमाला जाणारीने मात्र प्रसूतिगृहात काम केलेले असले पाहिजे.

हिची गरज का भासली, ते आकडे सांगतात. २०१९–२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातली ८८.६ टक्के बाळंतपणे दवाखान्यात झाली, ही आनंदाची गोष्ट. त्याच पाहणीत एकूण बाळंतपणांपैकी २१.५ टक्के शस्त्रक्रियेने झालेली आढळली. खाजगी रुग्णालयांत तर हे प्रमाण ४७.४ टक्के होते. म्हणजे बाई दवाखान्यापर्यंत पोचली. पण कळा सोसताना तिच्यापाशी घटकाभर थांबणारे, घाई न करणारे माणूस तिला तिथे मिळालेच असे नाही. आमच्या वाघोलीच्या आसपास दगडखाणींवर पोटासाठी लांबून आलेली कुटुंबे राहतात. पहिलटकरीण माहेरी जाते ही रीत तिथे पाळता येतेच असे नाही. माहेर दूर आणि मजुरी बुडते. २०२१ मध्ये गाव पुणे महानगरपालिकेत गेले, नगर रस्त्याला उंच इमारती उभ्या राहिल्या, तरी त्या वस्तीतल्या बाईबरोबर दवाखान्यात कोण जाणार हा प्रश्न तसाच आहे. बहुधा आशाताई जाते. मला हे शिक्षण घ्यावेसे वाटले ते तिच्याबरोबर हिंडतानाच.

पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही आणि पोहता आल्याशिवाय कुणी पाण्यात उतरू देत नाही, अशी अनुभवाची गंमत आहे. या पेचाचा धंदा करणारेही आहेत. प्रवेश मिळवून देतो म्हणणाऱ्या एका गृहस्थांनी माझ्यापुढे ‘सहा महिन्यांच्या अनुभवाचा दाखला’ ठेवला होता. दवाखाना त्यांचा, शिक्का त्यांचा, रक्कम माझी. जिथे अनुभव मागतच नाहीत तिथे तो विकत कशाला घ्यायचा, हा साधा हिशेब. आणि जिथे मागतात तिथे खोटा दाखला घेऊन अडलेल्या बाईच्या उशाशी उभे राहायचे, ही कल्पनाच अंगावर काटा आणते.

खरा अनुभव शिक्षणातच मिळायचा असतो आणि तो मोजूनमापून मिळतो. विद्यार्थिनीजवळ केसबुक असते. गरोदर स्त्रियांची तपासणी, बाळंतिणीची आणि नवजात बाळाची शुश्रूषा, यांच्या नोंदी त्यात असतात, आणि किमान वीस नैसर्गिक बाळंतपणे तिने स्वतःच्या हातांनी केलेली असावी लागतात. वीस हा आकडा वाचायला लहान वाटतो. पण कळा सुरू झाल्यापासून वार पडेपर्यंत एकेका बाईपाशी किती तास जातात याचा विचार करा. शिवाय त्याच प्रसूतिगृहात निवासी डॉक्टर शिकत असतात, दुसऱ्या संस्थांच्या मुली आलेल्या असतात, आणि शस्त्रक्रिया वाढल्या की नैसर्गिक बाळंतपणे तितकी कमी होतात. मग एका बाळंतपणाभोवती पाच-सहा जणी उभ्या राहतात. एक हात लावते, बाकीच्या पाहतात. वहीत मात्र प्रत्येकीचे वीस भरायचे असतात! हे भरणे कसे होते ते चाणाक्ष वाचकांनी ओळखावे.

म्हणून संस्था निवडताना इमारत, गणवेश आणि स्नेहसंमेलनाची छायाचित्रे पाहू नयेत. नियमाप्रमाणे संस्थेचे स्वतःचे किमान शंभर खाटांचे रुग्णालय हवे. पण त्या खाटा कशाच्या, हे विचारावे. हाडांचे रुग्णालय कितीही नावाजलेले असले तरी तिथे बाळंतपणे होत नाहीत. प्रसूतीच्या शिक्षणासाठी मुलींना कुठे पाठवतात, तिथे महिन्याला किती बाळंतपणे होतात, हे कार्यालयात विचारावे, आणि मग फाटकाबाहेर तिसऱ्या वर्षाच्या एखादीला गाठून विचारावे, ‘तू स्वतः किती केलीस?’ मी तीन ठिकाणी हा प्रश्न विचारला. एकीने चटकन आकडा सांगितला, दुसरी हसली, तिसरीने विषय बदलला. मला माहितीपुस्तिकेपेक्षा त्यातून अधिक कळले.

मुलाखतीत अनुभव विचारलाच तर काय सांगावे? जे केले ते, जेवढे केले तेवढे. राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षाला १२० तास काम करावे लागते. त्यात वस्तीतली पाहणी, लसीकरणासाठी घरोघर दिलेले निरोप, आजीच्या दुखण्यात काढलेल्या रात्री, हे सारे सांगण्यासारखे आहे. ती रुग्णसेवा नव्हे, आणि तसे म्हणूही नये. पण अनोळखी बाईच्या दारात उभे राहून तिला बोलते करणे, हे समाजशास्त्राच्या प्रात्यक्षिकात आपण शिकतो आणि प्रसूतिगृहात त्याचीच वानवा असते. कळा देणाऱ्या बाईवर खेकसणे हा जणू उपचाराचाच भाग, असे मानणारी माणसे आहेत. केंद्र सरकारने २०१७ मध्ये ‘लक्ष्य’ कार्यक्रमात सन्मानपूर्वक वागणुकीचा वेगळा उल्लेख केला, तो उगाच नव्हे.

अनुभव नसताना या वाटेला लागलेल्या बायका आपल्याकडे पूर्वीही झाल्या. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेला गेल्या तेव्हा त्यांच्यापाशी दवाखान्याचा अनुभव नव्हता; होते ते चौदाव्या वर्षी झालेले आणि दहा दिवसांत गेलेले मूल. १८८६ मध्ये डॉक्टर होताना त्यांनी प्रबंध लिहिला तोही हिंदूंमधील प्रसूतिशास्त्रावर. महर्षी कर्व्यांच्या पत्नी बाया कर्वे यांनी संसार मागे ठेवून नागपूरला सुईणकामाचे शिक्षण घेतले. भाषणांत आनंदीबाईंचे नाव निघते, बायांचे फारसे निघत नाही; सुईणकाम हे आपल्याला अजून डॉक्टरकीच्या खालचेच वाटते ना!

घरी सध्या वाद आहे तो रात्रपाळीचा. वडिलांचे म्हणणे, शिक्षण चालेल पण रात्री दवाखान्यात राहायचे नाही. आईने त्यांना एवढेच विचारले की, आपली तिन्ही मुले किती वाजता झाली. तिघेही पहाटेच्या आत झालो आहोत. वडील अजून हो म्हणाले नाहीत. पण वसतिगृहाच्या फीचा कागद त्यांनी परवा मागून घेतला आणि वाचून खिशात ठेवला.