लॅपटॉप तापतोय? नवा घेण्याआधी हे बघा

मैत्रिणींनो, ग्रामसंघाचा लॅपटॉप पाच-सहा वर्षांचा झाला की एक तक्रार हमखास सुरू होते. अर्ध्या तासात तळ चटका देतो, पंखा घरघरतो आणि हिशेब भरता भरता मशीन आपोआप बंद पडतं. मग कुणीतरी म्हणतं, "जाऊ दे, नवाच घेऊ." पण ताई, पैसा आपल्या सगळ्यांचा आहे. म्हणून आधी कारण शोधायचं, मग ठरवायचं.

घरच्या घरी काय बघाल?
लॅपटॉपच्या तळाला आणि कडेला जाळी असते. तिथून हवा आत-बाहेर होते. गोधडीवर किंवा सतरंजीवर ठेवला की जाळी बुजते. टेबलावर नाहीतर पाटावर ठेवून दोन दिवस काम करून बघा. तरीही तापला, तर बहुतेक वेळा आत धूळ साचलेली असते, किंवा प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळलेली असते. साफसफाई, नवी पेस्ट, फार तर नवा पंखा, ही कामं कमी खर्चाची आहेत.

एक धोका मात्र ओळखा. तळ फुगलाय, टचपॅड वर आलाय, लॅपटॉप सपाट बसत नाही, तर बॅटरी फुगली असेल. चार्जिंग लगेच बंद करा. दाबू नका, स्वतः उघडू नका. अशी बॅटरी पेट घेऊ शकते.

दुरुस्ती की नवा?
कर्जाचा हप्ता काढतो तसा महिन्याचा हिशेब काढा. समजा, दुरुस्तीला २,४०० रुपये लागले आणि लॅपटॉप दोन वर्षं चालला, तर महिन्याला १०० रुपये पडले. नवा ३६,००० चा घेतला आणि सहा वर्षं चालला, तर महिन्याला ५००. इथे दुरुस्तीच परवडते. पण मदरबोर्ड गेलाय, खर्च ९,००० आणि जेमतेम वर्षभर टिकेल असं वाटतंय, तर महिन्याला ७५० पडतात. मग नवाच बरा.

अजून एक गोष्ट. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ पासून नियमित आधार देणं बंद केलंय. आपलं मशीन विंडोज ११ घेतं का, हे दुकानात विचारा. घेत नसेल तर त्यावर बँकेची कामं करणं जोखमीचं. मग मोठा खर्च त्यावर करू नका.

दुकानात देण्याआधी
हिशेबाच्या सगळ्या फाइल पेनड्राइव्हवर घ्या आणि त्या उघडतात का तेही बघा. सभासदांच्या आधार आणि पासबुकच्या प्रती लॅपटॉपमध्ये असतील, तर कॉपी घेऊन तिथून काढून टाका. जुना विकायचा किंवा भंगारात द्यायचा असेल, तर आतली सगळी माहिती जाणकाराकडून कायमची पुसून घ्या. नुसती फाइल डिलीट करून भागत नाही.

दोन दुकानांतून लेखी दरपत्रक घ्या. काय बिघडलंय, कोणता भाग बदलणार, गॅरंटी किती, हे त्यात लिहून मागा. दोन्ही कागद बैठकीत वाचा, महिन्याचा हिशेब सगळ्यांसमोर मांडा आणि मगच ठराव लिहा. दुकानदार सांगतो म्हणून नाही, आपण समजून घेतलं म्हणून सही करायची.