नांगर, फ्लिट आणि खिडकी

1928 च्या सुरुवातीला ‘जज’ या अमेरिकन विनोदी नियतकालिकात एक व्यंगचित्र छापून आलं. जुन्या किल्ल्यातला सरदार अंथरुणात पडलाय, उशाशी ड्रॅगन उभा आहे, आणि सरदार घाबरण्याऐवजी वैतागलाय : आत्ताच तर सगळ्या किल्ल्यात फ्लिट मारलं होतं! फ्लिट हे स्टँडर्ड ऑइलचं कीटकनाशक. चित्रकार थिओडोर गाइझेल, पुढे मुलांचा ‘डॉ. स्यूस’ म्हणून जगभर गाजलेला. विनोदात फ्लिट घालावं की प्रतिस्पर्धी फ्लाय-टॉक्स, हे म्हणे त्याने नाणं उडवून ठरवलं. फ्लिटच्या जाहिराती करणाऱ्या एजन्सीतल्या एका अधिकाऱ्याच्या बायकोने तो अंक केशभूषेच्या दुकानात चाळला, घरी जाऊन नवऱ्याचे कान भरले, आणि गाइझेलला काम मिळालं. पुढची सतरा वर्षं तो फ्लिटसाठी डास काढत राहिला. आपल्याकडे गाइझेलचं नाव फारसं कुणाला ठाऊक नव्हतं, पण कीटकनाशक फवारायच्या पत्र्याच्या पिचकारीला लोक ‘फ्लिटचा पंप’च म्हणत.

अमेरिकन मासिकांत विनोद आणि जाहिरात अशा गळ्यात गळे घालून फिरत, त्याला कारण पैशाचं होतं. ‘सॅटर्डे इव्हिनिंग पोस्ट’ कित्येक वर्षं पाच सेंटला मिळे. त्यात छपाईचा खर्चही निघत नसे. बाकीचा भार जाहिरातदार उचलत. मग गोष्ट पुढच्या पानांवर ऐन रंगात आणून उरलेली मागे, जाहिरातींच्या रकान्यांत ढकलायची, आणि वाटेत दोन-चार व्यंगचित्रं पेरायची. वाचक हसत हसत साबण, मोटार आणि टूथपेस्ट ओलांडत जाई. ‘रीडर्स डायजेस्ट’ मात्र अमेरिकेत 1955 पर्यंत जाहिरातींशिवाय चाललं. किंमत वाढवू की जाहिराती घेऊ, असं वाचकांनाच विचारलं, तेव्हा बहुतेकांनी जाहिराती पसंत केल्या. खिशातून पैसे जाण्यापेक्षा डोळ्यांपुढून साबण गेलेला बरा!

मराठीत हा प्रवास एका ठिकाणी चक्क उलटा झाला. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर घ्यायला शेतकरी बिचकत होते. लोखंडाने जमीन नासते अशी समजूत होती. माल पटवून द्यायचा तर बोलायला हवं. 1920 मध्ये त्यांचे पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढली ती कारखान्याचं पत्रक म्हणून. शंकररावांच्या हातात चित्रकला होती आणि जिभेवर तिखट. ‘शंवाकि’ या सहीने ते व्यंगचित्रं काढत. नांगर विकायला निघालेलं पत्रक असं हळूहळू बुवाबाजीची, रूढींची टर उडवणारं मासिक झालं. पुढे ‘खबर’ हा शब्द गळला, 1930 मध्ये ‘स्त्री’ आणि 1934 मध्ये ‘मनोहर’ अशी भावंडं आली. म्हणजे मासिकात जाहिरात शिरली नाही, जाहिरातीतूनच मासिक बाहेर पडलं. मला तरी हा फ्लिटपेक्षा मोठा चमत्कार वाटतो.

बाकी आपली जुनी जाहिरात भारी गंभीर. बाळाला गुटगुटीत करणारं डोंगऱ्यांचं बालामृत, ओगल्यांचा प्रभाकर कंदील, तेलं, दंतमंजनं : सगळीकडे आरोग्य, स्वदेशी आणि खात्री. शेजारच्या रकान्यात चिं. वि. जोशींचा चिमणराव फजित होत असला तरी जाहिरातीचा चेहरा हलायचा नाही. गिऱ्हाईक हसलं तर माल हलका वाटेल, अशी धास्ती असावी.

हसवणारा हात आणि विकणारा हात पुष्कळदा एकाच माणसाचे होते, हे मात्र इथेही खरं. शि. द. फडणीस जे. जे.मध्ये शिकले ते उपयोजित कला. त्यामुळे ‘हंस’, ‘मोहिनी’ची त्यांची मुखपृष्ठं स्टॉलवर लांबूनच गिऱ्हाईक ओढत. त्यातलं गाजलेलं एक आठवून पाहा : शेजारी उभ्या तरुण-तरुणीपैकी एकाच्या कपड्यांवर मांजरं, दुसऱ्याच्या कपड्यांवर उंदीर. एक अक्षर नाही, आणि कुठल्याही जाहिरात कंपनीने हेवा करावा इतकं ते चटकन पोचतं. आर. के. लक्ष्मण यांनी 1954 मध्ये एशियन पेंट्सला ‘गट्टू’ दिला. हातात ब्रश, कपाळावर बट, आणि चेहरा असा की आता हा कुणाची तरी भिंत खराब करणार.

मधुकर पाटकरांच्या ‘आवाज’ या दिवाळी अंकाने आणखी पुढची उडी मारली. पानाला चौकोनी भोक पाडायचं आणि त्यातून मागच्या चित्राचा नेमका भलता भाग दाखवायचा. खिडकीतून दिसतं काहीतरी चावट, पान उलटावं तर तिथे भोपळा किंवा साधूचं टक्कल. ही चित्रं अंकाची जाहिरातच होती. स्टॉलवाल्यासमोर किती वेळ पानं उलटणार? शेवटी अंक घ्यावाच लागे, आणि घरी नेऊन उशीखाली ठेवावा लागे. चित्रांचा दर्जा पुढे पुढे घसरला हे खरं, पण युक्तीला तोड नव्हती.

आता आमच्या बाजूच्या वारली चित्रांचं. आमच्या आशागडपासून वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांचं गंजाड फार लांब नाही. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहायचं काम सवासिनींचं. सत्तरच्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णींच्या नजरेस म्हसे पडले आणि ती रेघ कागदावर उतरली. म्हसे यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून उभे केले की माणूस झाला. त्याला ताडावर चढवा, तारप्याभोवती नाचवा, तो बोलू लागतो. अशी सुटसुटीत, हसरी आणि चटकन ओळखू येणारी आकृती जाहिरातवाल्यांच्या नजरेतून सुटणार कशी? 2010 च्या दिवाळीत कोका-कोलाने आपल्या जाहिरातीसाठी वारली शैलीच घेतली.

गाइझेलच्या फ्लिटवर बहुधा ‘डॉ. स्यूस’ अशी सही असे. चौकावर सही करायची रीत नव्हती. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळावं म्हणून इथल्या आदिवासी युवा सेवा संघाने खटपट केली आणि ते मिळवलंही. पण मानांकन नावाला असतं, रेघेला नव्हे. चहाच्या कपांवर, उशांच्या अभ्र्यांवर आणि दुकानांच्या पिशव्यांवर ती त्रिकोणी माणसं अजून फुकटच नाचताहेत.