आवारातली झाडे आणि त्यांची वही

महाविद्यालयाच्या आवारात झाडे असतात, पण म्हणून त्या आवाराला वृक्षोद्यान म्हणता येत नाही. काही झाडे सावलीसाठी लावलेली असतात, काही पाहुण्यांच्या हस्ते, तर काही आपली आपणच उगवलेली. वृक्षोद्यानातल्या प्रत्येक झाडाला क्रमांक असतो. ते कोणत्या जातीचे, कुठून आणले, कधी लावले हे लिहून ठेवलेले असते. म्हणजे खरा फरक झाडांत नसून वहीत आहे. आणि अशी वही निसर्गाची आवड असलेले दहा-बारा विद्यार्थी सहज तयार करू शकतात.

अशा वहीतून काय साधते, याचे एक चांगले उदाहरण अमेरिकेतल्या बोस्टन शहरात आहे. तिथे हार्वर्ड विद्यापीठाचे अर्नोल्ड वृक्षोद्यान १८७२ साली स्थापन झाले. झाड फुलले की त्याची लहान फांदी दाबून, वाळवून कागदावर चिकटवायची आणि खाली झाडाचा क्रमांक व तारीख लिहायची, ही तिथली जुनी रीत. हेतू एवढाच, की जात ओळखायला नमुना हाताशी असावा. पृथ्वीचे तापमान वाढते आहे की नाही, हा प्रश्न हे नमुने गोळा करणाऱ्यांपुढे नव्हता.

पुढे बोस्टन विद्यापीठातील रिचर्ड प्रायमॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे कागद बाहेर काढले. ज्यांचे जुने नमुने उपलब्ध होते आणि जी अजून जिवंत होती, अशी २२९ झाडे-झुडपे त्यांनी निवडली. १८८५ ते २००२ या काळातल्या ३७२ नोंदी मिळाल्या. मग २००३ साली तीच झाडे केव्हा फुलतात हे प्रत्यक्ष पाहून जुन्या तारखांशी ताडले. २००४ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा: १९०० ते १९२० या काळाच्या तुलनेत १९८० ते २००२ या काळात झाडे सरासरी ८ दिवस आधी फुलत होती. शंभर वर्षांत बोस्टनचे सरासरी तापमान १.५ अंश सेल्सिअसने वाढले होते, आणि फुलण्यातला बराचसा फरक फेब्रुवारी ते मे या महिन्यांच्या तापमानाने उलगडत होता.

यातली ‘तीच झाडे’ ही गोष्ट महत्त्वाची. एकाच आवारातले दोन आंबेसुद्धा एकाच दिवशी मोहरत नाहीत. यंदा फाटकाजवळच्या आंब्याची तारीख लिहिली आणि पुढच्या वर्षी वसतिगृहामागच्या आंब्याची, तर आपण दोन वर्षांतला फरक मोजला की दोन झाडांतला? क्रमांक हवा तो यासाठी.

बोस्टनचा निष्कर्ष मात्र जसाच्या तसा इकडे आणता येणार नाही. तिथे हिवाळा संपून ऊब येण्याची झाडे वाट पाहतात. आपल्याकडे थंडीचा अडसर नाही, पाण्याचा आहे. तरीही एक चमत्कारिक गोष्ट दिसते. ऐन मार्च-एप्रिलमध्ये, जमीन कोरडी ठणठणीत असताना, कुसुंबाला लालभडक पालवी फुटते, करंज हिरवागार होतो. पाऊस तर अजून दोन महिने दूर! मग झाडाला कळते कसे?

यातला एक भाग पाण्याच्या हिशेबाचा आहे. पाने गळली की बाष्पोत्सर्जन थांबते आणि खोडात पुन्हा पाणी भरू लागते. सावर, पांगारा निष्पर्ण असताना फुलतात ते या साठ्यावर. दुसरा भाग दिवसाच्या लांबीचा. रोल्फ बोर्चर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली दाखवून दिले, की कोरड्या उष्ण प्रदेशातल्या कित्येक वृक्षांना वसंतसंपातानंतर दिवस अर्ध्या तासाने, किंवा त्याहूनही कमी, वाढला तरी पालवी फुटायला तेवढे पुरते. पुण्याच्या अक्षांशावर वर्षातल्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवसांत दोन तासांहून थोडाच अधिक फरक असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे झाडाची ही जाण किती सूक्ष्म आहे ते कळेल.

आता विद्यार्थ्यांसाठी प्रश्न तयार झाला. दिवसाची लांबी दर वर्षी त्या-त्या तारखेला सारखीच असते. तेव्हा एखाद्या झाडाची पालवी दर वर्षी जवळपास त्याच आठवड्यात येत असेल, तर संशय दिवसाच्या लांबीवर घ्यावा. ती मागेपुढे होत असेल तर पाणी आणि उष्णता यांच्याकडे पाहावे. तुमच्या आवारातल्या करंजाचे उत्तर कोणत्याही पुस्तकात मिळणार नाही.

सुरुवात नावांपासून करावी लागेल, कारण गोंधळ तिथेच असतो. बहुतेक आवारांत ‘अशोक’ म्हणून दाखवला जातो तो उंच, सरळ, लांबट नागमोडी कडांच्या साध्या पानांचा वृक्ष म्हणजे आसोपालव. त्याची फुले हिरवट असल्याने कुणाच्या लक्षातही येत नाहीत. खऱ्या अशोकाचे पान संयुक्त असते आणि नारिंगी-तांबड्या फुलांचे घोस फांद्यांवरच लगडतात. गंमत म्हणजे त्या फुलांना पाकळ्याच नसतात, रंग असतो तो निदलांचा.

निरीक्षण आठवड्यातून एकदा, ठरल्या वारी. पालवी, कळी, फूल, फळ यांपैकी काय आहे ते लिहावे. आणि काही नसेल तर ‘नाही’ असेही लिहावे. मुले नेमके हेच टाळतात. पण गेल्या आठवड्यात ‘नाही’ आणि या आठवड्यात ‘आहे’ असे असेल तरच तारखेला अर्थ येतो. रकाना कोरा असेल तर फूल नव्हते की पाहणारा नव्हता, ते समजत नाही. वड-उंबरांपाशी फुलांचा रकाना अडेल, कारण त्यांची फुले ‘फळा’च्या आत असतात. तिथे वेगळी खूण ठरवून घ्यावी. सीझनवॉच या देशव्यापी उपक्रमातही झाडे अशीच दर आठवड्याला पाहतात. आपल्या नोंदी तिकडे पाठवता येतील.

क्रमांकाची पट्टी खिळ्याने ठोकू नये. खोडाची जाडी वाढत असल्याने साल काही वर्षांत पट्टी गिळून टाकते, शिवाय जखमेतून बुरशी शिरते. फांदीला सैल तार पुरे. हरित लेखापरीक्षणासाठी एका दुपारी झाडे मोजून आकडा कळवण्याची पद्धत हल्ली पडली आहे. त्या आकड्याचा आमच्या मते अभ्यासाला फारसा उपयोग नाही.

खरी अडचण निराळीच आहे. विद्यार्थी तीन वर्षांत बाहेर पडतो आणि वही त्याच्या घरी जाते. प्रयोगशाळेतल्या मोडक्या स्टुलाचीसुद्धा डेडस्टॉक रजिस्टरात नोंद असते, पन्नास वर्षांच्या झाडाची नसते. म्हणून वही महाविद्यालयाच्या ग्रंथालयात रीतसर दाखल करावी, तिच्यावर दाखल क्रमांक घालावा आणि दर जूनमध्ये नव्या तुकडीने ती सही करून घ्यावी. इमारतीसाठी किंवा वादळात एखादे झाड गेले, तर त्याचे पान फाडू नये. तारीख आणि कारण लिहावे, आणि तो क्रमांक पुन्हा कुठल्याही झाडाला देऊ नये.