गुडघ्याचे सगेसोयरे

दुखणे हत्तीच्या पावलाने येते आणि मुंगीच्या पावलाने जाते, असे आपल्याकडे म्हणतात. गुडघेदुखीला मात्र ही म्हण लागू पडत नाही. ती येते तीच मुंगीच्या पावलाने. प्रथम जिना उतरताना गुडघा किंचित कुरकुरतो. मग पाटावरून उठताना हात जमिनीला टेकावा लागतो. पुढे देवळाच्या पायऱ्या मोजून चढाव्या लागतात. आणि एके दिवशी लक्षात येते, की मुंगीने घरात वारूळच केले आहे! जाण्याचे तर ती नावच काढीत नाही.

या पाहुणीची आणखी एक खोड आहे. ती सहसा एकटी येत नाही. रक्तदाब, मधुमेह, लठ्ठपणा, हृदयविकार, निद्रानाश, उदासपणा यांपैकी कोणी ना कोणी तिच्या मागोमाग बिऱ्हाड घेऊन येतो. कधी तर तिच्या आधीच येऊन बसलेला असतो. आज लिहायचे आहे ते या सगेसोयऱ्यांविषयी.

मी वैद्य नव्हे. मराठी शिकवणारा माणूस. म्हणून आधी शब्दांपासून सुरुवात करतो. 'संधिवात' या एका शब्दात आपण दोन निराळी दुखणी कोंबतो. एकात शरीराची संरक्षक शक्तीच सांध्यांवर उलटते. दुसऱ्यात हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत गादी, म्हणजे कूर्चा, हळूहळू झिजते. डॉक्टर मंडळी या दुसऱ्याला ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणतात. आपल्या जुन्या वैद्यांनीही 'आमवात' आणि 'संधिगत वात' असे दोन शब्द वेगळे ठेवले होते. आपले बोलणे आहे ते झिजेच्या दुखण्याचे.

एका रोगाच्या जोडीला दुसरा रोग नांदत असला, तर त्याला इंग्रजीत नाव दिले ते अमेरिकन वैद्यकतज्ज्ञ अल्व्हन फाइनस्टाइन यांनी, १९७० साली. मराठीत आपण त्याला 'सहव्याधी' म्हणतो. आयुर्वेदात 'उपद्रव' म्हणूनही एक शब्द आहे. पण तो मूळ रोगापायी मागाहून उद्भवणाऱ्या रोगासाठी. उपद्रव हे रोगाचे अपत्य. सहव्याधी हा नुसता शेजारीही असू शकतो. गुडघ्याच्या घरात दोघेही राहतात आणि कोण कोणाचा कोण, हे पुष्कळदा ओळखू येत नाही!

घर लहान नाही, हेही सांगितले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०१९ साली जगात सुमारे ५२ कोटी ८० लाख लोकांना हे झिजेचे दुखणे होते. त्यांत शंभरातल्या साठ स्त्रिया. आणि सर्वांत अधिक पीडलेला सांधा म्हणजे गुडघाच.

हे जमतात कसे?

गुडघा दुखतो म्हणून माणूस चालणे कमी करतो. चालणे कमी झाले की वजन वाढते आणि वाढलेले वजन पुन्हा गुडघ्यावरच बसते. वजनदार माणसाने एक किलो वजन उतरवले, तर दर पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो, असे अभ्यासकांना आढळले आहे. उलट बाजूने हाच हिशेब केला, तर दिवाळीच्या चार दिवसांत कमावलेला एक किलो गुडघ्याला केवढ्याला पडतो, ते वाचकांनीच पाहावे.

पण गोष्ट केवळ ओझ्याची नाही. लठ्ठ माणसांच्या बोटांचे सांधेही अधिक झिजतात. आणि बोटांवर काही कोणी उभे राहत नाही! चरबी म्हणजे अंगावर निपचित पडलेला साठा, अशी आपली समजूत असते. ती खरी नाही. चरबी रक्तात अशी द्रव्ये सोडते, की त्यांनी शरीरात मंद दाह धुमसत राहतो. तोच दाह सांध्याला भोवतो, रक्तवाहिन्यांना भोवतो आणि मधुमेहालाही वाट करून देतो.

मधुमेहावर डॉक्टर सांगतात, रोज चाला. रक्तदाबावर सांगतात, चाला. हृदयासाठी सांगतात, चाला. आणि गुडघा म्हणतो, बसा! म्हणूनच गुडघ्यापायी ज्यांचे चालणे सुटते, त्यांच्यात हृदयविकार अधिक आढळतो.

याहून मुकाट येणारे सोबती दोन. रात्री कूस बदलताना कळ येते आणि झोप मोडते. झोप मोडली की दुसऱ्या दिवशी तेच दुखणे अधिक जाणवते. लग्नाकार्याला जाणे सुटते, भजनीमंडळ सुटते, भाजी आणायलाही दुसऱ्याला सांगावे लागते. घरातले म्हणतात, "आई हल्ली चिडचिड करते." ती चिडचिड नसते, कित्येकदा ते खरोखरीचे नैराश्य असते, आणि त्यालाही औषध असते.

'ती काय औषध आहे?'

आमच्या शेजारी एक काकू राहतात. सत्तरीला आलेल्या. त्यांचा रक्तदाब काही केल्या उतरेना. डॉक्टरांनी एकीच्या दोन गोळ्या केल्या, दोनीच्या तीन केल्या. पावलांवर सूज येऊ लागली. रक्त तपासले, तो मूत्रपिंडांचे कामही मंदावलेले. घरात काळजी पसरली. शेवटी एका तरुण डॉक्टरणीने विचारले, "काकू, याखेरीज आणखी काय औषध घेता?"

"औषध कसलं हो! गुडघ्याची एक गोळी, सकाळ-संध्याकाळ. ती काय औषध आहे?"

ती गोळी कोपऱ्यावरच्या दुकानातून चिठ्ठीवाचून येत होती, दोन वर्षे! ती बंद झाली आणि महिन्या-दीड महिन्यात रक्तदाब ताळ्यावर आला, सूज उतरली, मूत्रपिंडेही सावरली. सगळ्यांचेच नशीब असे नसते.

असे का व्हावे, याचे उत्तर ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ साली शोधलेल्या गोष्टीत आहे. ॲस्पिरिनच्या जातीच्या वेदनाशामक गोळ्या शरीरातली प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होऊ देत नाहीत, हे त्यांनी दाखवले. १९८२ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. ही द्रव्ये सांध्यात वेदना वाढवतात खरी. पण तीच जठराचे अस्तर राखतात आणि मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा सांभाळतात. गोळीला गुडघा कोणता आणि जठर कोणते, हे कळत नाही. म्हणून पोटात व्रण होतो, अंगात मीठ-पाणी साठते, रक्तदाब चढतो. रक्तदाबाच्या काही गोळ्या, लघवी वाढवणारी गोळी आणि ही वेदनाशामक, असे त्रिकूट जमले, तर मूत्रपिंडांवर संकटच. रोफेकॉक्सिब नावाची गोळी पोटाला सौम्य म्हणून गाजली होती. हृदयविकाराचे झटके वाढतात असे दिसल्यावर २००४ साली ती जगभरातून मागे घ्यावी लागली.

मग करावे काय?

सगेसोयरे अनेक असले, तरी त्यांना वाटेला लावणारे उपाय पुष्कळसे एकच आहेत. चालल्याने गुडघा झिजेल, ही भीती बहुतेकांना असते. वास्तविक कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात; सांधा हलला, दबला, सुटला, की भोवतालच्या द्रवातून तिला पोषण मिळते. बसून राहणे ही गुडघ्याची विश्रांती नव्हे, उपासमार आहे. खुर्चीवर बसून एक पाय सरळ करावा, थोडा वेळ तसाच धरावा, सावकाश खाली ठेवावा, मग दुसरा. याने मांडीचे पुढचे स्नायू बळकट होतात आणि गुडघ्याचा भार वाटून घेतात. चालणे झेपेल तेवढे, सपाट रस्त्यावर, तुकड्या-तुकड्यांनी. वेदनेला आधी वरून लावायचे मलम विचारावे. त्याचा अंश रक्तात फार थोडा उतरतो. आणि शस्त्रक्रियेची वेळ आलीच, तर साखर आधी ताब्यात हवी. नाही तर जखम चिघळण्याचा धोका वाढतो.

पण सर्वांत स्वस्त उपाय कागद-पेन्सिलीचा आहे. घरात गुडघ्याचा डॉक्टर एक, साखरेचा दुसरा, हृदयाचा तिसरा. आणि एकाची चिठ्ठी दुसऱ्याला ठाऊक नाही, असे चित्र सर्रास दिसते. दिवाळीची साफसफाई करताना औषधांचा डबाही काढा. आई-वडील घेत असलेली प्रत्येक गोळी, मलम, चूर्ण, काढा एका कागदावर उतरवा. दुकानातून परस्पर आणलेलीही. रक्तदाबाची वा साखरेची गोळी आपल्या मनाने बंद करू नका, तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा आणि विचारा, "यांतले कोणाचे कोणाशी पटत नाही?"

घरी आलेल्या पाहुण्यांची नावे तरी यजमानाला ठाऊक असावीत. मग कोणाला पाट मांडायचा आणि कोणाला उंबऱ्यावरूनच निरोप द्यायचा, हे ठरवता येते.