कणगी गोल का असते?

पनवेलचा भोवताल मूळचा भातशेतीचा. दिवाळीनंतर झोडणी आटोपली, की उन्हात वाळवलेले भात घरात येई आणि कणगीत जाई. कणगी म्हणजे बांबूच्या कामट्यांची विणलेली गोल कोठी. खाली दगड किंवा फळ्या, म्हणजे जमिनीची ओल लागू नये. आतबाहेर शेणामातीचे लिंपण, म्हणजे किडीला फट सापडू नये. भात टरफलासकट भरावयाचे आणि लागेल तेवढेच कांडावयाचे; कारण टरफल हेच दाण्याचे पहिले संरक्षण.

परंतु ही कोठी गोलच का? गणित सोपे आहे. १६ हात लांबीचा तट्ट्या घेऊन त्याचा चौकोन केला, तर आत १६ चौरस हात जागा मिळते. तोच वाटोळा वळविला, तर २० चौरस हातांहून थोडी अधिक. म्हणजे तेवढ्याच कामट्यांत सुमारे सव्वापट जागा!

दुसरे कारण रेट्याचे. धान्य भिंतीला बाहेर ढकलते. सपाट कूड मध्येच फुगतो व कोपऱ्याशी उसवतो. वर्तुळात मात्र रेटा चहूकडे सारखा वाटला जातो आणि कामट्यांना केवळ ताण बसतो. ताण सोसणे हा तर बांबूचा गुणच. पन्हाळ्याच्या अंबारखान्यातील गंगा, यमुना, सरस्वती या कोठ्या चौकोनी आहेत खऱ्या. पण तिथे रेटा सोसावयाला दगडाच्या जाड भिंती आहेत.

शिवाय धान्य पाण्यासारखे वागत नाही. दाणे भिंतीला घासतात, त्यामुळे बरेचसे वजन भिंतच पेलते. जर्मन इंजिनियर यान्सेन यांनी १८९५ साली हे प्रयोगाने मांडले. आजच्या उंच सायलोंचा हिशेब त्यावरच उभा आहे.

गोल कोठाराचा भव्य नमुना म्हणजे पाटण्याचा गोलघर. १७७० च्या भीषण दुष्काळानंतर, पुन्हा तसे घडू नये म्हणून कॅप्टन जॉन गार्स्टिन यांनी तो १७८६ साली पुरा केला. उंची सुमारे २९ मीटर; बाहेरून वळत जाणाऱ्या जिन्याने चढून माथ्यावरच्या भोकातून धान्य ओतावयाचे. परंतु तो कधीच पूर्ण भरला नाही, आणि योजनेतील पुढची कोठारे झालीच नाहीत. दुष्काळ मात्र येतच राहिले. आमच्या मते यात मोठा बोध आहे. कोठार कितीही भक्कम असो, ते वेळेवर भरणारे आणि गरजवंतासाठी उघडणारे हात हवेत. कणगी लहान खरी. पण ती दरसाल भरे आणि घरच्या माणसांसाठीच उघडे.

१९७० साली सिडको आली. पुढे नव्या शहरासाठी येथील शेते गेली, आणि शेतांमागोमाग कणग्याही. ज्यांच्या माळ्यावर एखादी उरली असेल, त्यांनी ती मोडीत काढू नये. घरातल्या वडीलधाऱ्यांना तिची वीण विचारून घ्यावी, मुलांना दाखवावी. हे शहाणपण पुस्तकात फारसे उतरलेले नाही. ते हातात होते, आणि हात थकत चालले आहेत.